बाप कबूल, तारीख नाकबूल: बर्कली घराण्याचा वारसा कसा फुटला

आपला प्रश्न असा आहे: इंग्लंडमधील बर्कलीच्या पाचव्या अर्लचा (अर्ल हा वंशपरंपरेने चालणारा उमरावाचा किताब) थोरला मुलगा विल्यम याला अर्ल मानण्यास हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे संसदेच्या उमरावांच्या सभागृहाने, १८११ मध्ये नकार दिला. वडील त्याला आयुष्यभर आपला मुलगा आणि वारस म्हणत आले होते, लग्न त्याच्या जन्माआधीच झाले होते असे आई शपथेवर सांगत होती आणि चर्चच्या नोंदवहीत तशी नोंदही होती. आई, बाप आणि कागद असे तिघे एकच गोष्ट सांगत असताना सभागृहाने ती का मानली नाही? आणि किताब नाकारला गेला, तर किल्ला आणि जमीनजुमला त्याच मुलाकडे कसा राहिला?

मी जिल्हा न्यायालयात दिवाणी बाजूची वकिली करतो आणि गेली तीसहून अधिक वर्षे माझ्याकडे प्रामुख्याने वारसाचे आणि वाटपाचे दावे येतात. इंग्लिश उमरावांशी एरवी माझा संबंध यायचे कारण नाही. परंतु या एका प्रकरणातील एक मुद्दा आपल्याकडच्या पुराव्याच्या कायद्यात येऊन बसलेला आहे, आणि तो मला वर्षातून दोनचार वेळा तरी न्यायाधीशांपुढे मांडावा लागतो. म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो. थोडक्यात हवे असेल तर एवढेच: त्या खटल्यात विल्यमचा बाप कोण हा वाद नव्हताच, वाद एका तारखेचा होता, आणि ती तारीख सांगणारा प्रत्येक साक्षीदार भांडण सुरू झाल्यानंतर बोलू लागलेला होता.

आधी माणसे पाहू. फ्रेडरिक ऑगस्टस बर्कली याचा जन्म १७४५ चा, आणि नऊ वर्षांचा असतानाच तो अर्ल झाला. ग्लॉस्टरशायरमधील बर्कलीचा किल्ला त्याच्या घराण्याकडे बाराव्या शतकापासून होता. १३२७ मध्ये पदच्युत राजा दुसरा एडवर्ड याचा अंत झाला तो याच किल्ल्याच्या भिंतींआड. लंडनमधला बर्कली स्क्वेअर ज्या जमिनीवर उभा आहे ती जमीनही तेव्हा याच घराण्याची होती. अशा माणसाने ग्लॉस्टरच्या एका खाटकाची मुलगी मेरी कोल हिच्याशी संबंध जोडला. ती वयाने त्याच्याहून वीसएक वर्षांनी लहान होती. दोघे एकत्र राहू लागले, आणि डिसेंबर १७८६ मध्ये विल्यम, जानेवारी १७८८ मध्ये मॉरिस, पुढे ऑगस्टस आणि फ्रान्सिस हेन्री असे मुलगे झाले. या काळात मेरी समाजात काउंटेस, म्हणजे अर्लची पत्नी, म्हणून वावरत नव्हती. ती ‘मिस ट्यूडर’ या नावाने ओळखली जात होती.

१६ मे १७९६ रोजी लंडनजवळच्या लॅम्बेथ येथील सेंट मेरी चर्चमध्ये दोघांचे लग्न लागले. या लग्नाबद्दल कोणालाही, कधीही शंका नव्हती. (योगायोग असा की त्याच्या दोनच दिवस आधी, १४ मे रोजी, त्याच बर्कली गावात एडवर्ड जेन्नरने माळ्याच्या मुलाला गोस्तन देवीची पहिली लस टोचली होती. बर्कलीचे नाव जगात झाले ते त्या लशीमुळे.) लग्नानंतर पाच महिन्यांनी, १९ ऑक्टोबर १७९६ रोजी, थॉमस मॉर्टन हा मुलगा जन्मला. नंतर ग्रँटली, क्रेव्हन आणि मुलीही झाल्या.

आता त्या काळचा इंग्लिश कायदा पाहा, कारण इथेच मराठी वाचकाची गल्लत होते. मूल पोटात केव्हा राहिले याला तो कायदा काहीच महत्त्व देत नव्हता. मूल जन्मले त्या दिवशी आईबाप विवाहित होते की नाही, एवढाच त्याचा प्रश्न. म्हणून लग्नानंतर पाचच महिन्यांनी जन्मलेला थॉमस पूर्णपणे औरस ठरला आणि त्याच आईबापांचा, त्याच घरात वाढलेला, त्याच्याहून जवळजवळ दहा वर्षांनी मोठा विल्यम अनौरस. आईबापांनी नंतर लग्न केल्यास आधीची मुले औरस होतात, हा नियम ख्रिस्ती धर्मसंस्थेचा होता, स्कॉटलंडमध्ये तो चालत होता, युरोपातही अनेक ठिकाणी चालत होता. इंग्लंडमध्ये मात्र १२३६ साली मर्टन येथे भरलेल्या सभेत सरदारांनी तो धुडकावला आणि इंग्लंडचे कायदे बदलायची आमची इच्छा नाही असे साफ सांगितले. त्या नकाराची सावली पाचशे साठ वर्षांनी लॅम्बेथच्या लग्नावर पडली. अनौरस मुलाला कायद्याच्या लॅटिन भाषेत जे म्हणत त्याचा अर्थ ‘कोणाचाच मुलगा नाही’ असा होता. बापाने चारचौघांत मुलाचा हात धरून ‘हा माझा’ म्हटले तरी त्यात फरक पडत नव्हता. दत्तकाचाही मार्ग नव्हता. आपल्याकडे गादीला वारस नसला की दत्तक हा पहिला विचार, पण इंग्लंडमध्ये कायदेशीर दत्तकविधान १९२६ च्या कायद्यापर्यंत अस्तित्वातच नव्हते. सातारच्या गादीचा दत्तक १८४८ मध्ये अमान्य करणारे इंग्रज ज्या देशातून आले होते त्या देशात दत्तकाला कायद्यात जागाच नव्हती, ही गोष्ट डलहौसीच्या कारभाराचे समर्थन मुळीच करत नाही. पण ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

म्हणजे विल्यमला अर्ल करायचे तर एकच वाट उरत होती. डिसेंबर १७८६ च्या आधीचे लग्न दाखवायचे.

आणि तसे लग्न पुढे आले. उमरावांनी आपली वंशावळ हाउस ऑफ लॉर्ड्सकडे दाखल करावी असा नियम होता. त्याला धरून अर्लने १७९९ मध्ये सभागृहापुढे असे सांगितले की मेरीशी आपले पहिले लग्न ३० मार्च १७८५ रोजी बर्कलीच्याच चर्चमध्ये गुप्तपणे झाले होते, ते गावचे पाद्री ऑगस्टस टॉमस हुप्समन यांनी लावले, आणि १७९६ चे लग्न हे केवळ खबरदारी म्हणून पुन्हा केलेले होते. नोंदवहीतील नोंद दाखवली गेली. साक्षीदार दोन होते. एक विल्यम ट्यूडर, म्हणजे नाव बदललेला मेरीचा सख्खा भाऊ. दुसरा रिचर्ड बार्न्स, ज्याची सही नव्हती, नुसती खूण होती. विशेषाधिकार समितीने तेव्हा पुरावा ऐकला, पण प्रश्न निकालात निघाला नाही. थोरला मुलगा मात्र तेव्हापासून अर्लच्या वारसाला मिळणारे ‘व्हायकाउंट डर्स्ली’ हे नाव लावू लागला.

ऑगस्ट १८१० मध्ये अर्ल वारला. विल्यमने अर्ल म्हणून सभागृहात बसण्याचा हक्क मागितला. सर सॅम्युएल रोमिली यांच्यासारखा त्या काळचा पहिल्या प्रतीचा वकील त्याच्या बाजूने उभा होता. समोर, कागदोपत्री, त्याचाच चौदा वर्षांचा भाऊ थॉमस.

नोंदवहीचे काय झाले ते आता सांगतो, कारण आपल्या प्रश्नातला ‘कागद’ तोच आहे. पुष्कळ पक्षकारांना वाटते की नोंद सापडली म्हणजे दावा जिंकला. मी कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूंच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल हातात आली की जी नोंद मला दाखवायची असते ती सर्वांत शेवटी वाचतो. आधी मूळ बुक मागवतो आणि त्या नोंदीच्या वरच्या दहा आणि खालच्या दहा ओळी पाहतो: शाई एकसारखी विटली आहे का, अक्षर त्याच माणसाचे आहे का, अनुक्रमांक ओघाने चालले आहेत का, ओळ कुठे दाटीवाटीने घुसवली आहे का. एका दाव्यात जन्माची नोंद तारखेच्या क्रमात अचूक बसत होती, पण तिच्या आधीच्या आणि नंतरच्या सगळ्या नोंदी बोरूने टेकून लिहिलेल्या आणि ही एकटी स्टीलच्या टाकाने. उलटतपासणीत त्या एका टाकावर अर्धा दिवस गेला.

बर्कलीत हेच झाले. नोंदीची चिकित्सा करताना हस्ताक्षराचा प्रश्न निघाला, आणि नोंदीत खुद्द अर्लचे अक्षर असल्याचे म्हणणे पुराव्यात पुढे आले. ज्यांनी लग्न लावले असे सांगितले जात होते ते हुप्समन आता हयात नव्हते. बार्न्स या साक्षीदाराचा ठावठिकाणा लागला नाही. उरलेला साक्षीदार वधूचा भाऊ. म्हणजे कागद होता, पण कागदाच्या मागे उभे राहील असे परके माणूस एकही नव्हते.

शिवाय त्या कागदाची गोष्ट त्या काळच्या विवाहकायद्याशी जुळतच नव्हती. लॉर्ड हार्डविक यांचा विवाहाचा कायदा १७५३ मध्ये मंजूर झाला आणि पुढच्या वर्षी अमलात आला. चोरून लावलेली लग्ने बंद करावीत हाच त्याचा उद्देश. एक तर परवाना काढा, नाही तर सलग तीन रविवारी चर्चमध्ये भरल्या उपासनेत वधूवरांची नावे मोठ्याने वाचून घ्या, मग दोन साक्षीदारांसमक्ष लग्न लावा आणि नोंदवहीत सह्या करा. नोंद बनावट केली तर शिक्षा देहान्ताची. आता विचार करा: बर्कली हे लहानसे गाव, किल्ला डोक्यावर, बहुतेकांची पोटे त्या किल्ल्याच्या जमिनीवर चालणारी. अशा गावच्या चर्चमध्ये तीन रविवार खुद्द धन्याचे नाव खाटकाच्या मुलीच्या नावासोबत वाचले गेले, आणि ते कोणाच्या कानावर पडले नाही, कोणाच्या तोंडून बाहेर गेले नाही, पुढची चौदा वर्षे कोणी त्याचा उच्चार केला नाही! गुप्तता हवी होती तर परवाना काढून लंडनच्या एखाद्या गजबजलेल्या चर्चमध्ये लग्न लावणे सोपे होते. अर्लने १७९६ मध्ये गाव सोडून लॅम्बेथ गाठले होतेच. गुप्त लग्नासाठी आपल्याच गावातले चर्च निवडणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही.

आणि मग दुसरे लग्न कशासाठी? हा या प्रकरणातला सर्वांत साधा आणि सर्वांत घातक प्रश्न होता. पहिले लग्न खरे असेल तर १७९६ मध्ये मेरी काउंटेस ऑफ बर्कली होती. तिने मेरी कोल म्हणून पुन्हा बोहल्यावर चढण्याचे कारण नव्हते. नोंद हरवली म्हणावी तर ती नंतर सापडली कशी, आणि सापडेल अशी होती तर दुसरे लग्न करण्याआधी तिचा शोध का घेतला नाही? खबरदारी म्हणून केलेल्या त्या लग्नाने पहिल्या लग्नाविरुद्ध कायमचा पुरावा तयार केला. वकिलीत हे फार वेळा पाहायला मिळते. दस्तऐवजातला दोष झाकण्यासाठी केलेला दुरुस्तीलेखच तो दोष उघडा करतो.

आता बापाच्या शब्दाकडे येतो, कारण माझ्या दृष्टीने या खटल्याचे खरे मोल इथे आहे.

अर्ल जिवंत असतानाच थोरल्या मुलाच्या नावाने चान्सरी न्यायालयात एक दावा दाखल झाला होता. त्याचा हेतू निकाल मिळवणे नव्हता. म्हातारे साक्षीदार मरण्याआधी त्यांच्या जबान्या नोंदवून पुरावा जतन करून ठेवणे एवढाच होता. त्यात अर्लने शपथेवर जबानी दिली की १७८५ चे लग्न खरे आहे. १८११ मध्ये विल्यमच्या वकिलांनी ती जबानी पुढे केली. सभागृहाने, नावे काल्पनिक ठेवून, तो प्रश्न न्यायाधीशांपुढे ठेवला: मृत बापाने मुलाच्या औरसपणाबद्दल अशा दाव्यात दिलेली जबानी पुराव्यात घेता येईल का?

घराण्याच्या नात्यागोत्याबाबत ऐकीव पुरावा चालतो, हा अपवाद इंग्लिश कायद्यात जुनाच होता. कारण पणजोबाचे लग्न कधी झाले हे सांगायला डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार कोठून आणणार? घरातली मयत माणसे जे बोलून गेली तेच धरावे लागते. परंतु कॉमन प्लीज न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर जेम्स मॅन्सफील्ड आणि त्यांचे सहकारी यांनी या अपवादाला एक कुंपण घातले. ते बोलणे वाद उद्भवण्यापूर्वीचे असले पाहिजे. घरातला माणूस सहज, काही मिळवायचे किंवा गमवायचे नसताना बोलतो तेव्हा त्याचे मन समतोल असते आणि म्हणून त्याचा शब्द विश्वासार्ह असतो; वादाला तोंड फुटल्यावर तोच माणूस, तितकाच सज्जन असला तरी, एका बाजूचा होतो. अर्लची जबानी वाद सुरू झाल्यानंतरची, किंबहुना वादासाठीच दिलेली. म्हणून ती पुराव्यात आली नाही.

याच प्रश्नावलीत आणखी एक प्रश्न होता, आणि दोन्ही उत्तरे शेजारी ठेवल्याशिवाय नियमाचा अर्थ उमगत नाही. समजा बापाने घरातल्या बायबलमध्ये स्वहस्ते लिहून ठेवले असते की अमुक तारखेला माझा औरस थोरला मुलगा जन्मला, तर ती नोंद चालेल का? न्यायाधीशांचे उत्तर होकारार्थी होते. घरच्या बायबलातील नोंदी नेहमीच पुरावा मानल्या गेल्या आहेत. म्हणजे न्यायालयासमोर शपथ घेऊन, वकिलांच्या देखत, सही करून सांगितलेले बाद, आणि घरच्या पोथीच्या कोऱ्या पानावर कोणी विचारले नसताना लिहिलेले ग्राह्य! सामान्य माणसाला हे उलटे वाटते. शपथ मोठी की पोथीतली ओळ? पण ज्याने वारसाचे दावे चालवले आहेत त्याला विचारा. तो पोथीतली ओळ घेईल.

आपल्याकडे हे कसे आले तेही सांगतो. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ३२ मधील पाचव्या आणि सहाव्या पोटकलमांत मयत व्यक्तीची नात्याबद्दलची विधाने, तसेच मृत्युपत्र, कुटुंबाची वंशावळ, थडग्यावरचा लेख, कुटुंबातील चित्र यांवरील मजकूर पुराव्यात घेता येतो, पण तो वादाचा प्रश्न निघण्यापूर्वीचा असला पाहिजे ही अट आहे. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात, जो १ जुलै २०२४ पासून लागू झाला, हेच कलम २६ मध्ये आले आहे. काही वर्षांपूर्वी माझ्यासमोरच्या पक्षाने आजोबांच्या सहीची वंशावळ हजर केली होती: स्टॅम्प पेपरवर, सुवाच्य, दोन साक्षीदारांसह, एका शाखेला मुळापासून वगळणारी. सही खरीच होती, ती मी नाकारलीही नाही. मी फक्त स्टॅम्प पेपरच्या मागच्या बाजूची विक्रीची तारीख वाचून दाखवली आणि तिच्याशेजारी आमची नोटीस पोहोचल्याची पोचपावती ठेवली. नोटीस अकरा दिवस आधीची निघाली. बर्कलीच्या अर्लचे नाव त्या दिवशी मी घेतले नाही, पण युक्तिवाद त्याच्याच खटल्यातला होता.

तर, जुलै १८११ च्या आरंभी हाउस ऑफ लॉर्ड्सने ठराव केला की विल्यमने आपला दावा शाबीत केलेला नाही. भाषा लक्षात घ्या: नोंद बनावट आहे असे त्या ठरावात म्हटलेले नाही, दावा शाबीत झाला नाही, एवढेच. लॉर्ड चान्सलर लॉर्ड एल्डन यांच्यासारखा अतिशय सावध न्यायवेत्ता त्या सभागृहात बसलेला होता. जेवढे ठरवण्याची गरज आहे तेवढेच ठरवायचे, ही शिस्त आमच्या व्यवसायात शिकायला निम्मी हयात जाते.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग: मग किल्ला विल्यमकडे कसा? याचे उत्तर सरळ आहे. बर्कलीचा अर्ल हा किताब १६७९ मध्ये राजाच्या सनदेने निर्माण झाला होता आणि अशा सनदेत वारस कोण ते ठरलेले असते: मूळ पुरुषाच्या औरस पुरुषवंशातील ज्येष्ठ. किताब विकता येत नाही, वाटता येत नाही, मृत्युपत्राने देता येत नाही. जमीन मात्र बंधनातून मोकळी असेल तर मालक ती कोणालाही देऊ शकतो, औरस असो, अनौरस असो, की परका असो. अर्लने मृत्युपत्राने किल्ला आणि मोठी मालमत्ता विल्यमला दिली. बापाच्या हातात जे होते ते त्याने थोरल्याला दिले. जे त्याच्या हातात नव्हते तेही देण्याचा खटाटोप त्याने केला, आणि तो मात्र फसला. खरे तर त्याने मृत्युपत्रावर समाधान मानले असते तर १७८५ च्या लग्नाची गोष्ट उभी करण्याची वेळच आली नसती आणि बायकोला सगळ्या देशासमोर आपल्या तरुणपणाचा हिशेब द्यावा लागला नसता. मला या प्रकरणात मेरीची कीव येते. ती १८४४ पर्यंत जगली.

थॉमसचे वागणे याच्याशी जोडूनच समजून घ्यावे लागते. वडील वारले त्या क्षणी किताब कायद्याने त्याच्याकडे आला. उमरावकी स्वीकारावी लागत नाही, ती अंगावर येऊन पडते, आणि त्या काळी तिचा त्याग करण्याचीही सोय नव्हती, ती १९६३ च्या कायद्याने झाली. परंतु सभागृहात बसायचे तर हक्क शाबीत करून बोलावणे मिळवावे लागते. थॉमसने सज्ञान झाल्यावर ते मागितलेच नाही. मागायचे म्हणजे आपली आई खोटे बोलली आणि दहा वर्षे लग्नाशिवाय राहिली असे स्वतःच्या तोंडाने सभागृहापुढे सांगायचे. तो अविवाहित राहिला, १८८२ मध्ये वारला, आणि वयाच्या तेराव्या वर्षापासून मरेपर्यंत, बहात्तर वर्षे, तो कायद्याने सहावा अर्ल होता आणि व्यवहारात मिस्टर बर्कली.

विल्यम स्वस्थ बसणारा नव्हता. १८२९ च्या सुमारास त्याने वेगळीच वाट धरली: किल्ला ज्याच्या ताब्यात, तोच बर्कलीचा बॅरन (अर्लहून खालचा उमरावाचा किताब), अशी जुनी समजूत पुढे करून त्याने बॅरन म्हणून बोलावणे मागितले. त्यावर निर्णय झाला नाही, पण व्हिग या त्या काळच्या मोठ्या राजकीय पक्षाच्या कामी तो येत होता, म्हणून १८३१ मध्ये त्याला बॅरन सीग्रेव्ह आणि १८४१ मध्ये अर्ल फिट्झहार्डिंग हे नवे कोरे किताब मिळाले. म्हणजे शेवटी तो अर्ल झालाच, फक्त बर्कलीचा नाही. तोही अविवाहित असतानाच १८५७ मध्ये वारला आणि ते किताब त्याच्याबरोबर संपले. किल्ला धाकटा सख्खा भाऊ मॉरिस याच्याकडे गेला; तो आरमारात अॅडमिरल होता. त्याने किल्ल्याच्या ताब्यावरून बॅरनकीचा दावा पुन्हा मांडला आणि या वेळी हाउस ऑफ लॉर्ड्सने १८६१ मध्ये तो स्पष्ट शब्दांत फेटाळला. फेटाळणे भागच होते. ताब्यावरून उमरावकी मिळू लागली तर खरेदीखत करून कोणीही कायदेमंडळात जागा विकत घेऊ शकला असता. त्याच वर्षी सरकारने मॉरिसलाही बॅरन फिट्झहार्डिंग करून टाकले.

१८८२ मध्ये थॉमस वारला तेव्हा एका माणसाच्या मागे तीन वारसे तीन दिशांना गेलेले दिसतात, आणि वारसाहक्काचा कायदा शिकणाऱ्या मुलांना मी हाच नकाशा काढून दाखवतो. १६७९ ची अर्लकी फक्त पुरुषवंशात चालणारी, म्हणून ती पाचव्या अर्लच्या भावाच्या नातवाकडे गेली. त्याहून जुनी, १४२१ ची बर्कलीची बॅरनकी राजाच्या बोलावण्यावरून आलेली; ती मुलींकडेही जाऊ शकत होती, म्हणून ती क्रेव्हनची मुलगी लुईझा मिलमन हिच्याकडे गेली आणि १८९३ मध्ये तिच्या नावे मान्य झाली. आणि किल्ला राहिला मॉरिसच्या मुलांकडे, ज्यांना यांपैकी एकही जुना किताब लागू नव्हता.

मॉरिसचा धाकटा मुलगा, तिसरा बॅरन फिट्झहार्डिंग, १९१६ मध्ये निपुत्रिक वारला तेव्हा किल्ला आठवा अर्ल रँडल बर्कली याच्याकडे आला. १८१० मध्ये फुटलेले घर आणि नाव एकशे सहा वर्षांनी एका हाती आले. हा रँडल रसायनशास्त्रज्ञ होता, ऑक्सफर्डजवळ स्वतःची प्रयोगशाळा बांधून त्याने साखरेच्या द्रावणांचा परासरण दाब मोजला होता आणि रॉयल सोसायटीचा सभासद झाला होता. बर्कली स्क्वेअरची जमीन त्याने विकली आणि किल्ल्याच्या डागडुजीवर खर्च केला. १९४२ मध्ये तोही निपुत्रिक वारला. अर्लकीवर हक्क सांगायला तेव्हापासून कोणी पुढे आलेले नाही. किल्ला दूरच्या बर्कली शाखेकडे गेला आणि आजही त्याच कुटुंबाकडे आहे.

आजच्या काळात विल्यम जिंकला असता का, असेही आपण शेवटी विचारले आहे. इंग्लंडमध्ये १९२६ च्या कायद्याने आईबापांच्या नंतरच्या लग्नाने आधीची मुले औरस ठरू लागली. मर्टनचा नकार सहाशे नव्वद वर्षांनी मागे घेतला गेला. आपल्याकडे हिंदू विवाह अधिनियमाचे कलम १६ तर रद्दबातल विवाहाच्या मुलांनाही औरस मानते, मात्र आईबापांच्या मालमत्तेपुरतेच. पण इंग्लंडच्या त्या कायद्याने उमरावकीचे किताब मुद्दाम वगळले होते, आणि १९७६ च्या कायद्यातही ते वगळलेलेच आहेत. डीएनए चाचणीचाही उपयोग नव्हता, कारण विल्यम कोणाचा मुलगा आहे हे १८११ मध्ये कोणी नाकारलेच नव्हते. आजही त्याला ३० मार्च १७८५ चे लग्नच शाबीत करावे लागले असते.